बर्फाला कान लावून: ध्रुवीय हिमचादरींतले तडे आणि भूकंपमापक (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बाजारात मडकं घेताना आपण ते बोटाने वाजवून बघतो. खणखणीत वाजलं तर घरी, बद्द वाजलं तर परत ठेवून द्यायचं. तडा डोळ्यांना दिसत नसला तरी कानाला कळतो. अंटार्क्टिका आणि ग्रीनलंडच्या बर्फाबाबत शास्त्रज्ञ साधारण हेच करतात. मात्र हे मडकं कुणी न वाजवताच रात्रंदिवस वाजत असतं. या विषयावर गप्पा निघाल्या की ठरावीक प्रश्न येतातच, त्यांची ही उत्तरं.

बर्फ नदीसारखा वाहतो म्हणतात. मग तो तडकतो कसा?

दोन्ही खरं आहे. रस्त्याच्या कडेला पडलेला डांबराचा गोळा आठवा. महिनोन्महिने तसाच राहिला तर पसरत जातो, पण थंडीच्या सकाळी हातोडा मारला की ठिकऱ्या उडतात. बर्फाचंही तसंच. हळूहळू ओढलं तर तो ताणला जातो, झटकन ओढलं तर फाटतो. कोमट सरबतात बर्फाचा खडा टाकल्यावर 'टक्' आवाज येतो, तो छोटासा हिमकंपच.

हिमचादरीचा मधला भाग वर्षाला जेमतेम काही मीटर सरकतो, तर समुद्राकडे धावणाऱ्या काही हिमनद्या वर्षाला कित्येक किलोमीटर. जिथे वेग बदलतो तिथे बर्फ ओढला जातो आणि पृष्ठभागावर भेगा पडतात. कोरडी भेग सहसा तीस-चाळीस मीटरांच्या खाली जात नाही, कारण तिथून पुढे वरच्या बर्फाचं वजन तिला दाबून मिटवून टाकतं. पाण्याने भरलेल्या भेगेची गोष्ट वेगळी आहे, तिच्याकडे पुढे येऊ.

हिमचादर, हिमनदी, आइस शेल्फ आणि हिमनग यांत फरक काय?

जमिनीवर पसरलेला, खंडाएवढा बर्फ म्हणजे हिमचादर. अशा चादरी आज दोनच उरल्या आहेत, अंटार्क्टिकात आणि ग्रीनलंडमध्ये. तिच्यातून वेगाने वाहणारे पट्टे म्हणजे हिमनद्या आणि हिमप्रवाह. हे पट्टे समुद्रात शिरले, तरंगू लागले आणि तरीही मागच्या बर्फाला चिकटून राहिले, की ती आइस शेल्फ, म्हणजे पाण्यावर तरंगणारी बर्फाची फळी. या फळीचा तुकडा सुटला की हिमनग.

उपग्रह सगळं बघतात. मग बर्फात भूकंपमापक पुरायची गरज काय?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि तो रास्त आहे. उपग्रहाचं चित्र भेग पडल्याचं सांगतं. ती किती वाजता पडली, किती वेगाने धावली, एका दमात धावली की थांबत थांबत, हे दोन चित्रांच्या मधल्या काळात हरवून जातं.

पश्चिम अंटार्क्टिकातल्या पाइन आयलंड हिमनदीचं उदाहरण घ्या. मे २०१२ मध्ये तिच्या आइस शेल्फवर साडेदहा किलोमीटर लांबीची फट पडली. उपग्रहाच्या रडार प्रतिमांत आधी ती नव्हती, नंतरच्या प्रतिमेत होती. एवढ्यावरून ती काही दिवसांत वाढत गेली असावी, असं कुणालाही वाटलं असतं. पण त्या शेल्फवर तेव्हा भूकंपमापक बसवलेले होते. स्टेफनी ऑलिंजर आणि सहकाऱ्यांनी त्या नोंदी पुढे बारकाईने तपासल्या, तेव्हा कळलं की अख्खी फट सुमारे साडेपाच मिनिटांत उघडली होती. सेकंदाला साधारण ३५ मीटर, म्हणजे ताशी सव्वाशे किलोमीटरच्या पुढे. आजवर आइस शेल्फवर नोंदला गेलेला हा सर्वांत वेगवान तडा. २०२४ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं.

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. काच तडकते तेव्हा तडा सेकंदाला दीड हजार मीटरपर्यंत धावतो. बर्फही तसा ठिसूळ, मग इथे वेग एवढा कमी का? कारण भेग उघडताच खालून समुद्राचं पाणी आत घुसतं. जड, हलायला वेळ घेणारं पाणी आत ओढल्याशिवाय भेगेला रुंद होता येत नाही, म्हणून पाणीच तिचा लगाम खेचून धरतं. हा निष्कर्ष केवळ चित्रं पाहून निघाला नसता. आणि केवळ कंपनांवरूनही नाही: फट नेमकी कुठे आणि केवढी, हे उपग्रहानेच सांगितलं. या शास्त्रात एकट्या साक्षीदारावर विसंबलं की काय होतं, याचे किस्से पुढे येतीलच.

यंत्राला भेग पडल्याचं कळतं तरी कसं?

भेग पडताना साठलेला ताण मोकळा होतो आणि लहरी चारी दिशांना पसरतात. घट्ट बर्फात दाबाची लहर सेकंदाला सुमारे ३.८ किलोमीटर जाते, कातर लहर (बर्फाला आडवं हलवत जाणारी) तिच्या जवळपास निम्म्या वेगाने. यंत्राजवळ दोन्ही पोहोचण्यात एक सेकंदाचा फरक पडला, तर तडा अंदाजे पावणेचार किलोमीटर दूर आहे असं समजायचं. वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजतो, त्याचाच हा भाऊ. तीन-चार यंत्रांवरच्या वेळा जुळवल्या की जागा मिळते.

पण जागा मिळणं हा सोपा भाग. तो आवाज भेगेचा आहे की बर्फ तळाच्या खडकावर घसरल्याचा, हे ओळखणं कठीण. त्याला दोन-तीन खुणा आहेत. भेग फाकते तेव्हा पहिला धक्का सगळीकडे बाहेरच्या दिशेने असतो, घसरणीत मात्र काही यंत्रांना ढकललं जातं आणि काहींना ओढलं जातं. भेग वरच्या थरात असेल तर पृष्ठभागावरून लोळत येणारी लहर जोरकस दिसते, आवाज हजार मीटर खोल तळाशी झाला असेल तर ती जवळजवळ नसतेच. शिवाय पाण्यातून कातर लहर जातच नाही. त्यामुळे तरंगत्या शेल्फवरच्या आणि जमिनीवर टेकलेल्या बर्फावरच्या नोंदी दिसायलाच वेगळ्या असतात.

वरचा भुसभुशीत, हळूहळू मुरत जाणारा हिमथर मात्र त्रास देतो. त्याला फर्न म्हणतात. त्यातून लहरी फार सावकाश जातात, त्यांची वाट वाकते आणि खालून येणाऱ्या सगळ्याच लहरी जवळपास सरळ उभ्या वर येतात. नवख्याला वाटतं, प्रत्येक आवाज आपल्या पायाखालीच झाला.

हे हिमकंप केवढे असतात?

बहुतेक इतके बारीक की त्यांची तीव्रता शून्याच्या खाली जाते. तीव्रतेची मोजपट्टी लॉगॅरिदमची असल्याने उणे आकडे चालतात, यंत्रात बिघाड झालेला नसतो. दुसऱ्या टोकाला, ५ तीव्रतेचे धक्के ग्रीनलंडमध्ये नियमित होतात. आणि पश्चिम अंटार्क्टिकातल्या व्हिलन्स हिमप्रवाहाचा हिशेब केला तर आकडा ७ च्या आसपास जातो.

७ तीव्रतेचा भूकंप, तोही रोज? मग बातमी का होत नाही?

रोज दोनदा! व्हिलन्स हा रॉस आइस शेल्फला मिळणारा रुंद, सपाट हिमप्रवाह. तळाशी तो चिकटून राहतो, मागून बर्फाचा रेटा वाढत जातो आणि मग एका क्षणी सुटून अर्ध्या तासात सुमारे अर्धा मीटर पुढे सरकतो. पुन्हा चिकटतो. वेळापत्रक समुद्राचं: एक घसरण भरतीनंतर लगेच, दुसरी ओहोटीच्या थोडी आधी. हे २००३ मध्ये जीपीएसवरून कळलं, आणि २००८ मध्ये डग वीन्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या घसरणीच्या लहरी शेकडो किलोमीटर दूरच्या भूकंपमापकांवरही उमटतात.

किल्लारीचा १९९३ चा भूकंप ६.२ तीव्रतेचा होता आणि त्याने हजारो माणसं नेली. व्हिलन्सवर तंबू ठोकून बसलेल्या माणसाला मात्र काहीच जाणवत नाही. किती मोठं क्षेत्र किती सरकलं, यावरून तीव्रता काढली तर आकडा ७ येतो. पण किल्लारीला जे काही सेकंदांत घडलं, ते इथे अर्धा तास घेतं. दार धाडकन आपटणं आणि हळूच लोटणं, एवढा हा फरक. दार बंद दोन्ही वेळा होतं.

ग्रीनलंडचे ५ तीव्रतेचे धक्के इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसे आले नाहीत?

कारण ते चुकीच्या सुरात होते. जगभरातल्या भूकंप नोंदवहीत एखाद्या धक्क्याची नोंद होते ती त्याच्या तीक्ष्ण, झटपट लहरींवरून. या धक्क्यांत त्या जवळजवळ नसतातच. त्यांची शक्ती ३५ सेकंदांपासून दीडशे सेकंदांपर्यंतच्या संथ हेलकाव्यांत असते. २००३ मध्ये ग्योरान एकस्ट्रॉम, मेरेडिथ नेटल्स आणि जेफ्री एबर्स यांनी जुन्या नोंदींतून फक्त या संथ लहरी वेगळ्या काढल्या आणि कुठल्याच यादीत नसलेले डझनावारी भूकंप सापडले. त्यातले बहुतेक ग्रीनलंडच्या किनाऱ्यावरच्या मोठ्या हिमनद्यांपाशी होते. तीन वर्षांनी त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: हे धक्के उन्हाळ्याच्या अखेरीस जास्त होतात, आणि २००५ मध्ये त्यांची संख्या काही वर्षांपूर्वीच्या दुपटीच्या पुढे गेली होती. खरे भूकंप ऋतू बघून होत नाहीत.

आता हे कशामुळे? पहिला अंदाज असा, की वितळलेलं पाणी तळाशी जातं आणि अख्खी हिमनदी गचकन पुढे सरकते. ऐकायला पटणारं, आणि कंपनांशी जुळणारंही. पण हिमनद्यांवर जीपीएस बसवले तेव्हा तशी मोठी उडी दिसेना. पुढे पूर्व ग्रीनलंडमधल्या हेल्हाइम हिमनदीवर जीपीएसचं दाट जाळं टाकून टॅव्ही मरी आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये उलगडा केला. हिमनदीच्या तोंडाचा उंच, अरुंद, घन किलोमीटरच्या घरातला तुकडा सुटतो. उभा राहणं त्याला जमत नाही, तो कोलांटी घेतो. कोलांटी घेताना हिमनदीला मागे ढकलतो. समुद्राकडे वाहणारी हिमनदी काही मिनिटं चक्क उलटी सरकते! त्याच वेळी तुकड्याच्या मागच्या पाण्याचा दाब घटतो आणि हिमनदीचं तोंड खाली ओढलं जातं. मिनिटभराच्या या झटापटीत जमिनीला जो हिसका बसतो, तोच हा भूकंप.

म्हणजे नोंद पहिल्यापासून बरोबर होती, पहिला अर्थ चुकीचा होता.

भेगेत पाणी शिरलं तर काय होतं?

पाणी बर्फापेक्षा जड, म्हणून भरलेल्या भेगेच्या तळाशी पाण्याचा दाब आजूबाजूच्या बर्फाच्या दाबाहून जास्त असतो. कोरडी भेग मिटते, भरलेली उघडत जाते. वरून पाणी मिळत राहिलं तर ती थेट तळापर्यंत जाते. लाकडात पाचर ठोकावी तसं पाणी काम करतं.

२९ जुलै २००६ रोजी पश्चिम ग्रीनलंडमधल्या बर्फावरच्या एका तळ्याने हे करून दाखवलं. सारा दास, इयन जॉफिन आणि सहकाऱ्यांनी काठावर जीपीएस आणि भूकंपमापक ठेवले होते. तळ्यात ०.०४४ घन किलोमीटर पाणी होतं, म्हणजे आपल्या भाषेत सुमारे दीड टीएमसी. खडकवासला धरणात साधारण दोन टीएमसी मावतं, त्यावरून अंदाज करा. एवढं पाणी सुमारे दीड तासात, ९८० मीटर जाड बर्फातून पडलेल्या भेगेवाटे खाली गडप झालं. त्या वेळात सरासरी प्रवाह नायगाऱ्याहून जास्त होता, आणि तळाशी शिरलेल्या पाण्याने जवळपास किलोमीटरभर जाडीचा बर्फ १.२ मीटर वर उचलला. तळं कधी फुटलं हे उपग्रहाने एखाद-दोन दिवसांच्या अंदाजाने सांगितलं असतं. काठावरच्या यंत्रांनी भेग उघडतानाची घटका टिपली.

अंटार्क्टिकात मॅकमर्डो या अमेरिकी संशोधन केंद्राजवळ डग्लस मॅकायल आणि अ‍ॅलिसन बॅनवेल यांच्या गटाने दोन भूकंपमापक लावले: एक कोरड्या जागी, एक पाण्याने गिचगिचीत झालेल्या जागी. कोरडं यंत्र बऱ्यापैकी गप्प राहिलं. ओल्या जागी मात्र रोज ठरावीक वेळी बारीक हिमकंपांचा पाऊस पडे, आणि दोन महिन्यांत त्यांची संख्या लाखांत गेली. वेळ कुठली, तर पारा उतरायला लागला की. वर पातळ बर्फाचा पापुद्रा, खाली पाणी. थंडीत खालचं पाणी गोठून फुगतं आणि वरचं झाकण ताडताड फुटतं. कुठे पाणी मुरलंय हे वरून दिसत नसेल तरी ऐकून कळेल, असा याचा फायदा. (तिथे त्या मोसमात सूर्य मावळतच नाही, त्यामुळे 'रात्री' म्हणायची सोय नाही.)

२००२ मध्ये लार्सन बी आइस शेल्फचा ३,२५० चौरस किलोमीटर भाग महिनाभरात चुरा झाला. त्याआधी त्यावर दोन हजारांहून जास्त तळी साचली होती. त्या भागात दाट यंत्रं असती तर काय ऐकू आलं असतं, हा विचार या क्षेत्रातल्या पुष्कळांना छळतो.

हजारो किलोमीटरवरच्या भूकंपाने अंटार्क्टिकातला बर्फ तडकतो का?

तडकतो. २७ फेब्रुवारी २०१० रोजी चिलीत ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याच्या लहरी अंटार्क्टिकातून जाताना तपासलेल्या ४२ केंद्रांपैकी १२ केंद्रांवर नेमके त्याच वेळी बारीक, तीक्ष्ण हिमकंप सापडले. बर्फ आधीच ताणलेला होता, लहर निमित्त झाली.

त्सुनामीचं काम त्याहून मोठं. ११ मार्च २०११ च्या जपानच्या त्सुनामीने १३,००० किलोमीटरहून दूर असलेल्या सल्झबर्गर आइस शेल्फपर्यंत मजल मारली. तिथे पोहोचेतो तिची उंची फुटभरच उरली होती, तरी किमान ४६ वर्षं जागचा न हललेला बर्फ तिने तोडला. २६ डिसेंबर २००४ ची सुमात्राची त्सुनामी आपल्याकडे कुणी विसरलेलं नाही. तीच लाट रॉस समुद्रातल्या हिमनगांवर ठेवलेल्या भूकंपमापकांनीही नोंदवली. तरंगत्या हिमनगावर भूकंपमापक ठेवण्याची कल्पना मला अजूनही थोडी वेडी वाटते, पण त्या वेडाने पुष्कळ दिलं.

एक सावधगिरीचा किस्साही त्याच यंत्रांनी दिला. मार्च २००० मध्ये रॉस शेल्फवरून बी-१५ हा हिमनग सुटला: ११,००० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास तीन गोवे. त्याचा मोठा तुकडा बी-१५ए ऑक्टोबर २००५ च्या शेवटच्या आठवड्यात केप अडेअर या भूशिराजवळ फुटला, तोही शांत हवेत. त्यावरच्या भूकंपमापकात समुद्राच्या लांब लाटा दिसल्या. माग काढत गेल्यावर त्या सहा दिवसांपूर्वी अलास्काच्या आखातात झालेल्या वादळाच्या निघाल्या, १३,५०० किलोमीटरवरून आलेल्या. केवढी देखणी गोष्ट! पण त्याच चमूतल्या संशोधकांनी पुढे सगळ्या नोंदी एकत्र लावल्या आणि २०१० मध्ये वेगळा निष्कर्ष मांडला: हिमनग तिथल्या उथळ समुद्रतळावर पुन्हा पुन्हा आदळला आणि त्याने फुटला. लाटा खऱ्या होत्या, पण त्या घटनास्थळी हजर होत्या एवढंच. देखणी गोष्ट स्वतःहून मागे घेणं सोपं नसतं, म्हणून या दुसऱ्या निबंधाबद्दल मला पहिल्याहून जास्त आदर आहे.

बर्फ 'गातो' ही गंमत आहे की खरं?

खरं आहे, पण ते गाणं भेगांचं असेलच असं नाही. २०१४ च्या अखेरीस रॉस आइस शेल्फवर ३४ भूकंपमापक पुरले गेले. त्यांच्या नोंदींत सेकंदाला साधारण पाच कंपनांचा एक सूर सतत घुमत होता. पृष्ठभागावरच्या हिमाच्या उंचवट्यांवरून वारा वाहतो आणि वरचा थर तबल्याच्या पुडीसारखा थरथरतो. जानेवारी २०१६ मध्ये तिथे वितळण झाली आणि सूर उतरला. थंडी परतली तरी तो पूर्ण जागेवर आला नाही, म्हणजे थराला काहीतरी कायमचं झालं होतं. शाई लावलेल्या पुडीचा सूर ओलीने उतरतो हे तबलजीला सांगावं लागत नाही.

आपल्या कानाला वीस कंपनांच्या खालचं ऐकू येत नाही. बातम्यांमध्ये ऐकवलं गेलेलं ते 'गाणं' सुमारे १,२०० पट वेगाने वाजवलेलं होतं. ते भुताटकीसारखं वाटतं ते त्यामुळे.

हिमनग एकमेकांना घासतानाही सूर निघतो. त्यात हजारो बारीक घसरणी एकामागून एक, इतक्या नियमित होतात की त्यांचा अखंड स्वर बनतो. सारंगीचा गज तारेवर हेच करतो.

उणे पन्नास-साठ अंशांत ही यंत्रं चालतात कशी?

कुरकुरत. उन्हाळ्यात सौरपट्ट्या, ध्रुवीय रात्रीत बॅटऱ्या. इलेक्ट्रॉनिक्स जाड उष्णतारोधक पेटीत ठेवतात म्हणजे त्याला स्वतःचीच ऊब मिळते. भूकंपमापक हिमात पुरतात, नाहीतर वाराच नोंदत बसेल. वर हिम साचत जातं, बर्फ वाहत असल्याने यंत्र कलतं, आणि एका मोसमात पुरलेलं पुढच्या मोसमात शोधून उकरावं लागतं. सर्वांत शांत जागांपैकी एक दक्षिण ध्रुवाजवळ आहे: वस्तीपासून आठेक किलोमीटरवर, बर्फात अडीच-तीनशे मीटर खोल छिद्रांमध्ये यंत्रं सोडली आहेत. हिमनदीच्या तोंडाशी ठेवलेली यंत्रं कधीकधी बर्फाबरोबरच समुद्रात जातात. तो खर्च धरूनच चालतात.

ऑप्टिकल फायबरने भूकंप मोजतात म्हणे?

हो, आणि गेल्या काही वर्षांत या क्षेत्रातली हीच खरी उडी आहे. फायबरमधून लेझरचे स्पंद सोडले की काचेतल्या सूक्ष्म दोषांवरून थोडा प्रकाश परत येतो. तार कुठेही किंचित ताणली गेली तरी परतणाऱ्या प्रकाशात फरक पडतो. एक तार म्हणजे हजारो भूकंपमापकांची रांग.

ईशान्य ग्रीनलंडमधल्या हिमप्रवाहात संशोधनासाठी खणलेलं खोल छिद्र होतं. आंद्रेआस फिख्टनर यांच्या गटाने त्यात १,५०० मीटर खोलीपर्यंत फायबर सोडली आणि २०२५ मध्ये निष्कर्ष मांडले. बर्फाच्या आत खोलवर बारीक हिमकंपांच्या मालिका चालू होत्या, एकातून दुसरा पेटल्यासारख्या, आणि पृष्ठभागावर त्याचा मागमूस नव्हता. कारण ९०० मीटर खोलीवरच्या एका थराशी त्या अडत होत्या. तो थर कसला? सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी आजच्या अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये माउंट मझामा ज्वालामुखी फुटला, त्याचे कण बर्फात गाडले गेले होते. म्हणजे बर्फ मधासारखा सरळ वाहतो असं संगणकातली प्रारूपं धरतात, ते पुरेसं नाही. तो अंतर्यामी तडकत तडकतही सरकतो.

मग शेल्फ कधी तुटणार हे आधी सांगता येईल?

दिवस-वेळ सांगता येत नाही. पूर्व अंटार्क्टिकातल्या अमेरी आइस शेल्फवरची फट जेरेमी बॅसिस, हेलन फ्रिकर आणि सहकाऱ्यांनी जीपीएस आणि भूकंपमापकांनी ऐकली. ती सावकाश वाढत नव्हती. दहा ते चोवीस दिवस शांत, मग काही तास हिमकंपांची झुंबड आणि तेवढ्यात फट पुढे. वारा-भरतीशी याचा स्पष्ट संबंध सापडला नाही, बर्फातला अंतर्गत ताणच मुख्य कारण दिसलं. थोडक्यात, फटीचं स्वतःचं घड्याळ असतं आणि ते आपल्याला अजून वाचता येत नाही.

पण सावध राहता येतं. अंटार्क्टिकातल्याच ब्रंट आइस शेल्फवरच्या फटी वाढत असल्याचं पाहून ब्रिटिशांनी २०१६-१७ मध्ये आपलं हॅली संशोधन केंद्र २३ किलोमीटर आत ओढून नेलं. त्यातल्या एका फटीने २२ जानेवारी २०२३ रोजी १,५५० चौरस किलोमीटरचा हिमनग सोडला. श्रेय मुख्यतः जीपीएस आणि उपग्रहांचं.

हे सगळं तापमानवाढीमुळे होतं का?

सरसकट नाही. हिमनग सुटणं ही हिमचादरीची नेहमीची देवघेव आहे. वरून हिम पडतं, कडेने बर्फ जातो. जुलै २०१७ मध्ये लार्सन सीवरून दीड गोव्याहून मोठा ए-६८ सुटला, तेव्हा तज्ज्ञांनीही तो थेट तापमानवाढीच्या खाती टाकला नाही. लार्सन बीची तळी आणि ग्रीनलंडच्या वाढलेल्या उन्हाळी धक्क्यांबाबत मात्र ऊब टाळून बोलता येत नाही.

तरंगता बर्फ तुटला तर समुद्र वाढतो का? मुंबईला काय?

तरंगता बर्फ तुटल्याने थेट फारसा वाढत नाही, ग्लासातला बर्फ वितळून सरबत सांडत नाही तसंच. पण शेल्फ ही मागच्या हिमनद्यांना धरून ठेवणारी टेकणी असते. लार्सन बी गेल्यावर तिला मिळणाऱ्या हिमनद्या वेगाने वाहू लागल्या, आणि तो जमिनीवरचा बर्फ समुद्रात नव्याने भर घालतो. आणखी एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते. एवढ्या प्रचंड बर्फाचं गुरुत्वाकर्षण आजूबाजूचं पाणी स्वतःकडे ओढून धरतं. बर्फ घटला की ते पाणी सुटून लांबच्या किनाऱ्यांकडे जातं. मुंबई आणि कोकण दोन्ही ध्रुवांपासून लांबच आहेत.

भारत यात कुठे आहे?

पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली, आणि आजही या मोहिमांची सूत्रं वास्कोतल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि समुद्र संशोधन केंद्रातून हलतात. पहिलं केंद्र दक्षिण गंगोत्री आइस शेल्फवर होतं आणि ते हळूहळू हिमात गाडलं गेलं. नंतरची मैत्री आणि भारती खडकावर उभी आहेत. मैत्रीवर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात भूकंपमापन केंद्र सुरू केलं. भारती तर प्रिड्झ उपसागराच्या काठी आहे, वर सांगितलेल्या अमेरी शेल्फच्याच शेजारात.

हिमालयात हेच करता येईल का?

तिथे प्रश्न वेगळा: तरंगता बर्फ नाही, पण उतार भयानक. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोलीत खडक आणि बर्फाचा कडा कोसळला, त्याच्या लहरी आसपासच्या भूकंपमापकांवर उमटल्या होत्या. पूर खाली पोहोचण्याआधी त्या नोंदी वाचून इशारा देता आला असता का, यावर तेव्हापासून गांभीर्याने काम चालू आहे.

मला घरबसल्या हे ऐकता येईल?

येईल. ग्रीनलंडच्या भूकंपमापक जाळ्याच्या आणि अंटार्क्टिकातल्या बऱ्याच केंद्रांच्या नोंदी खुल्या आहेत. एखाद्या केंद्राची दिवसभराची नोंद उतरवून घ्या आणि शंभर-दोनशे पट वेगाने वाजवा. बहुतेक वेळा आधी फक्त वारा ऐकू येईल, त्याने निराश होऊ नका. ग्रीनलंडचा ऑगस्ट निवडा, वारा पडलेला दिवस शोधा, हेडफोन लावा. चुलीत फाटी तडतडावीत तसा आवाज आला तर तो बर्फ आहे. एकाच तालात ठोके पडले, तर बहुधा जवळच्या तळावरचा जनरेटर.